गच्चीवरच्या ग्रिलची ज्योत

गॅस ग्रिल तपासायचं तर दिवेलागणीची वेळ निवडावी. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात भर दुपारी गॅसची निळी ज्योत जवळजवळ दिसतच नाही, आणि दिसत नाही ती तपासणार कशी? संध्याकाळी झाकण उघडावं, वरची जाळी उचलून बाजूला ठेवावी, तिच्या खालच्या दुमडलेल्या हीट प्लेट काढाव्यात, एकेक बर्नर पेटवावा आणि दोन मिनिटं नुसतं बघावं. छिद्राला लागून गडद निळा टोकदार गाभा, त्याभोवती फिकट निळा पदर, उंची दोन-अडीच सेंटिमीटर, आवाज अगदी हलका. टोकाला किंचित पिवळी छटा असली तर चालते. बर्नरच्या नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक छिद्रावर अशी ज्योत उभी असेल, तर ग्रिलची तब्येत ठीक आहे.

ग्रिल घेताना लोक झाकणाची चमक बघतात, चाकं बघतात, बाजूचा जादा बर्नर बघतात. बघावं, पण ज्योत ओळखता येणं या सगळ्याच्या आधी यायला हवं असं माझं ठाम मत आहे. बिघाड कुठलाही असो, तो आधी ज्योतीत दिसतो.

ज्योत पिवळी, लांब आणि आळसावल्यासारखी डोलत असेल, भांड्याला किंवा जाळीला काजळी धरत असेल, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. ज्योत छिद्रापासून सुटून वर तरंगत असेल, फुरफुरत असेल, तर हवा जास्त आहे किंवा गॅसचा दाब जास्त आहे. मधली चार-सहा छिद्रं विझलेली असतील, तर तिथे चरबी किंवा गंज अडकलाय. आणि नॉबच्या पॅनेलमागे, नळीच्या तोंडापाशी ज्योत दिसली किंवा नॉब हाताला तापलेले लागले, तर तत्क्षणी सगळे नॉब बंद करून सिलिंडर बंद करायचा; ज्योत उलटी फिरून नळीत शिरलीय. त्या दिवशी ग्रिल पुन्हा पेटवायचं नाही, नळी उघडून साफ केल्यावरच पेटवायचं.

एक साधी खूण कायम लक्षात ठेवावी. सगळेच बर्नर मंद असतील तर दोष गॅसच्या बाजूला: सिलिंडर, रेग्युलेटर किंवा होज, म्हणजे गॅसचा रबरी पाइप. एकच बर्नर मंद असेल तर दोष त्या बर्नरच्या नळीत. एवढं कळलं की निम्मी शोधाशोध वाचते.

नळीत काय होतं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती अडण्याचं कारण ठरलेलं आहे. नॉबमागे पितळेचं बारीक जेट असतं. त्यातून गॅस वेगाने सुटतो, बर्नरच्या नळीच्या रुंद तोंडात शिरतो आणि जाताना शेजारच्या झरोक्यातून हवा ओढून घेतो. हे मिश्रण नळीतच व्हावं लागतं. नळीची वाट अडली की हवा ओढली जात नाही. ग्रिल महिनाभर वापरलं नाही, तर कोळी या नळीत जाळं विणतो आणि ते केसाएवढं जाळंसुद्धा मिश्रण बिघडवायला पुरतं. पुण्यात त्याहून मोठा पाहुणा म्हणजे कुंभारमाशी. खिडकीच्या चौकटीत, मीटरच्या पेटीत, प्लगच्या भोकात मातीची घरटी करणारी हीच ती माशी. तिला बोटाएवढी कोरडी, अंधारी नळी म्हणजे हक्काची जागा वाटते. पावसाळ्यानंतर नळी काढून टॉर्चच्या उजेडात आत बघितलं, तर कधी पिवळसर मातीचं बूच अगदी गच्च बसलेलं दिसतं. बोटाने दाबलं तर फुटत नाही. आतून कोरड्या अळ्या किंवा मेलेले कोळी निघतात, ती तिने पिल्लांसाठी भरलेली शिधापाण्याची सोय असते.

साफसफाई अवघड नाही. बर्नर बहुधा मागच्या बाजूला एका स्क्रूने किंवा वाकवलेल्या पिनेने धरलेला असतो. पिन काढली की बर्नर उचलून मागे सरकवायचा, म्हणजे पुढचं तोंड जेटवरून सुटतं. लांब दांड्याचा बाटली धुण्याचा ब्रश दोन्ही टोकांकडून फिरवायचा. रविवार पेठेत बोहरी आळीत असे ब्रश हव्या त्या मापात मिळतात. मातीचं बूच असेल तर आधी लांब स्क्रूड्रायव्हरने हलकेच फोडून नळी उलटी करून झटकायची. वरची छिद्रं ब्रशने घासताना नळीच्या आडव्या दिशेने घासावं. लांबीच्या दिशेने घासलं की कचरा पुढच्या छिद्रांत ढकलला जातो. अडलेलं छिद्र त्याच्याहून बारीक तारेने मोकळं करावं. छिद्र मोठं होता कामा नये, आणि जेटला तर ड्रिल कधीच लावू नये. पितळ मऊ असतं. सुईनेसुद्धा भोक रुंदावतं आणि मग तो बर्नर कायमचा पिवळा जळतो.

परत बसवताना चूक होते ती इथे: नळीचं तोंड जेटवर सरळ बसायला हवं, जेट नळीच्या आत शिरलेलं दिसायला हवं. घाईत नळी जेटच्या शेजारी टेकवली तर गॅस पॅनेलमागे मोकळा सुटतो आणि पेटवल्यावर आग तिथेच लागते. प्रत्येक बर्नर बसवल्यावर खाली वाकून, टॉर्च मारून हे डोळ्यांनी बघावं.

आता गॅसबद्दल. बाहेरदेशी बनलेली बरीच ग्रिलं प्रोपेनसाठी, सुमारे २७-२८ मिलीबार दाबावर चालायला आखलेली असतात. आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलीबार देतो, म्हणजे दाबाच्या बाजूने फारसं अंतर नाही. फरक गॅसमध्ये आहे. आपल्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असतो. एक भाग प्रोपेन पुरता जळायला साधारण २४ भाग हवा लागते, ब्यूटेनला ३१ भाग. म्हणून परदेशी ग्रिल इथे आणल्यावर ज्योत जरा पिवळी वाटते. बर्नरच्या तोंडाशी हवेची फिरती झडप असेल, तर तिचा स्क्रू सैल करून ती थोडी उघडावी, ज्योत निळी झाली की पुन्हा घट्ट करावी. हे जुळवणं ग्रिल गार असताना करायचं, पेटवून बघायचं, विझवून पुन्हा करायचं.

जे करू नये ते असं: हॉटेलच्या भट्टीला लावतात तो जास्त दाबाचा, फिरवून दाब वाढवता येणारा रेग्युलेटर ग्रिलला लावू नये. परदेशी जोडणी आपल्या सिलिंडरला बसत नाही म्हणून दुकानदार कधी कधी हाच पुढे करतो. ग्रिलचे व्हॉल्व्ह आणि जेट त्या दाबासाठी बनलेले नसतात. घरगुती रेग्युलेटर, त्यापुढे तार गुंफलेला नारिंगी सुरक्षा होज, लांबी दीड मीटरच्या आत, दोन्ही टोकांना क्लिप, एवढंच पुरतं. होजवर छापलेली मुदत बघावी आणि ५ वर्षांनी तो बदलावाच; गच्चीवर उन्हात राहिलेला होज मी त्याच्या आधीच बदलायला सांगेन. वाकवून बघावा, चिरा दिसल्या की काढून टाकावा.

पाइपच्या गॅसवर ग्रिल चालवायचं असेल, तर तो वेगळा गॅस आहे. पुण्यात पाइपने गॅस पुरवणाऱ्या एमएनजीएलचा नैसर्गिक वायू घरात साधारण २१ मिलीबारवर येतो आणि घनफळामागे त्याची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी असते. त्यासाठी मोठ्या भोकाची जेट लागतात. ग्रिल बनवणाऱ्याचा बदलाचा संच मिळत असेल तरच या वाटेला जावं, आणि गच्चीवर लाइन वाढवण्याचं काम कंपनीच्याच माणसांकडून करून घ्यावं.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, हे गच्चीवर फार महत्त्वाचं ठरतं. आपल्या गच्चीला चारी बाजूंनी कमरेएवढा भरीव कठडा असतो. वारा पडलेला असला की गळलेला गॅस त्या कोपऱ्यात साचतो, किंवा पावसाच्या पाण्याच्या पाइपच्या तोंडातून खाली उतरतो. म्हणून सिलिंडर कोपऱ्यात आणि त्या तोंडाजवळ ठेवू नये. सिलिंडर उभाच हवा; आडवा केला की गॅसऐवजी द्रव बाहेर येतो. उन्हात तर ठेवूच नये. प्लास्टिकच्या टाक्या, सोलरच्या पाइपांचं आवरण, हिरवी नेट, कपड्यांच्या दोऱ्या, डांबरी वॉटरप्रूफिंगची शीट, या सगळ्यांपासून ग्रिल ३ मीटर दूर असावं. वर छप्पर असलेल्या बाल्कनीत ते कधीच पेटवू नये.

वाऱ्याकडे ग्रिलची पाठ करू नये. झाकणाच्या मागच्या बाजूला गरम हवा निघायची फट असते. मागून वारा आला की तीच हवा पुढे, नॉबकडे ढकलली जाते. नॉब वितळतात, आतल्या व्हॉल्व्हचं ग्रीस सुकतं. पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून सुटतो, म्हणून ग्रिलची पाठ पश्चिमेला नको.

सिलिंडर बदलला की गळती तपासायची, एकदाही न चुकता. त्याआधी व्हॉल्व्हच्या आतली रबरी रिंग जागेवर आहे ना, हे बघायचं; गळतीचं सगळ्यात नेहमीचं कारण तीच. मग भांडी घासायचा लिक्विड सोप आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळायचं, ग्रिलचे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करायचा आणि जुन्या ब्रशने व्हॉल्व्हचा जोड, होजची दोन्ही टोकं, ग्रिलच्या आतला पाइप यांवर फेस लावायचा. फुगे वाढत असतील तर गळती आहे. काडी पेटवून बघायची नाही. गळती थांबत नसेल तर टोपी लावून सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवावा आणि १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

पेटवताना झाकण उघडं हवं. बंद झाकणाखाली गॅस साचला आणि उशिरा ठिणगी पडली, तर झाकण उडतं, भुवया जळतात. नॉब फिरवून ५ सेकंदांत पेटलं नाही तर बंद करायचं, ५ मिनिटं झाकण उघडं ठेवून थांबायचं आणि मग पुन्हा. ठिणगीचं बटण कुचकामी झालं असेल तर आधी त्यातला पेन्सिल सेल बघावा. पावसाळ्यात त्याच्या टोकांना हिरवट-पांढरा थर येतो. सँडपेपरने घासला की काम होतं. ठिणगी देणारी दांडी आणि बर्नर यांत ४-५ मिलिमीटरचंच अंतर असावं.

पेटल्यावर झाकण लावून १०-१५ मिनिटं तापू द्यावं. ही वेळ लोक वाचवतात आणि मग पनीर जाळीला चिकटलं म्हणून जाळीला दोष देतात. झाकणावरचा काटा झाकणाखालच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीचं नव्हे. जाळी त्याहून बरीच गरम असू शकते. तेल जाळीला न लावता पदार्थाला लावावं. तीन बर्नर असतील तर एक बंद ठेवावा, म्हणजे जाळीवर एक सौम्य बाजू तयार होते. सुरमईची दोन सेंटिमीटर जाडीची तुकडी तेज बाजूला तीन-चार मिनिटं हलवायची नाही. भाजली की ती आपोआप सुटते. चिकनचे जाड तुकडे आधी तेज आचेवर रंग येईपर्यंत, मग सौम्य बाजूला झाकणाखाली, आत ७४ अंश सेल्सिअस होईपर्यंत. दह्याच्या मॅरिनेशनमध्ये साखर किंवा मध असेल तर तो शेवटच्या पाच मिनिटांत लावावा, नाहीतर आतून कच्चं आणि बाहेरून काळं होतं.

गॅस ग्रिलवर सगळ्यात खुलतं ते भरताचं वांगं. हिवाळ्यात जळगावकडची मोठी, हिरवी, कमी बियांची वांगी मंडईत येतात. अर्ध्या किलोचं वांगं घ्यावं, काट्याने सात-आठ ठिकाणी टोचावं, नाहीतर आतल्या वाफेने ते फुटतं. तेलाचा हात फिरवून थेट आचेवर ठेवावं आणि झाकण लावावं. दर चार-पाच मिनिटांनी फिरवत वीस-पंचवीस मिनिटं. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो. तिथे चिमट्याने दाबलं आणि बोट रुतल्यासारखा चिमटा आत गेला की झालं. घरच्या शेगडीवर एकाच बाजूला आच लागते आणि ओट्यावर सालीचा चुरा पडतो. इथे झाकणाखाली सगळीकडून उष्णता मिळते, म्हणून गर एकसारखा मऊ होतो.

आता गंजाचं. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ग्रिल बंद करून लगेच झाकण पाडलं, तर यातली काही वाफ आत थंड होऊन पत्र्यावर बसते, आणि मीठ-लिंबाचा ओघळ त्यात मिसळला की गंज धरतो. म्हणून काम झाल्यावर सगळे बर्नर १० मिनिटं तेज ठेवून जाळी जाळून घ्यावी, घासावी, गॅस बंद करावा आणि झाकण थोडा वेळ उघडं ठेवावं. घासताना तारेचा ब्रश वापरणार असाल तर त्याची एकेक तार घट्ट आहे ना ते बघा. सुटलेली तार अन्नातून घशात किंवा आतड्यात रुतते, आणि तिच्यासाठी ऑपरेशन करावं लागल्याची उदाहरणं आहेत. अर्धा कांदा चिमट्यात धरून गरम जाळीवर दाबून घासला तरी बरंच निघतं. शेवटी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. जाळी बिडाची असेल तर साबण नको; गरम असतानाच तेलाचा पातळ हात द्यावा, तो चिकट राहिला तर तेल जास्त झालंय असं समजावं.

खालचा चरबीचा ट्रे प्रत्येक वेळी रिकामा करावा. ग्रिलला लागणाऱ्या मोठ्या आगी बहुतेक या ट्रेमधल्या आणि तळाशी साचलेल्या चरबीच्या असतात. तळाला सोयीसाठी फॉइल अंथरू नये; तिच्या वळ्यांत चरबी साचते आणि वाहून जात नाही. आग लागलीच तर नॉब बंद, हात पोचत असेल तर सिलिंडर बंद, झाकण खाली. पाणी टाकायचं नाही. कोरड्या पावडरचं अग्निशामक जिन्याच्या दाराजवळ ठेवावं, ग्रिलखालच्या कपाटात ठेवू नये. आग तिथेच असेल तर ते काढणार कसं? झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटताना दिसले तर रंग उडतोय असं वाटतं. बहुतेक वेळा तो जळालेल्या चरबीचा थर असतो, खरवडून पुसला की झालं.

हीट प्लेट दोन-तीन वर्षांत चाळणी होतात. मूळ सुटा भाग मिळत नसेल तर भोसरीच्या बाजूला लेझर कटिंग करणाऱ्यांकडे जुनी प्लेट नमुना म्हणून न्यावी आणि ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या १.६ मिलिमीटर पत्र्यात बनवून घ्यावी. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, असं मात्र नाही. स्वस्त २०१ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. जीआय पत्रा आत अजिबात वापरू नये, त्यावरच्या जस्ताचा धूर तापल्यावर अन्नाला आणि छातीला लागतो.

मेच्या अखेरीस, पहिला वळीव येऊन गेला की ग्रिल मिटवायच्या तयारीला लागावं. सगळं धुऊन, पेटवून, कोरडं करून मग सेल काढावा, सिलिंडर सोडवून टोपी लावावी, होजच्या टोकाला स्वच्छ फडकं आणि रबर, नळीच्या तोंडांना बारीक स्टीलची जाळी. रेग्युलेटरला श्वास घ्यायचं बारीक भोक असेल तर ते खालच्या बाजूला राहील असं बघावं. कव्हर पूर्ण गार झाल्याशिवाय चढवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की दोन तास काढून ठेवावं. बंद कव्हरखाली ओल कोंडते आणि भर पावसात जितका गंज चढत नाही तितका त्या ओलीत चढतो. पुन्हा उघडायला खंडेनवमीचा मुहूर्त चांगला. अवजारं पुसायचा दिवस आहेच, आणि नळ्या, होज, रिंग, जोड सगळं तपासायला तोवर पाऊसही बहुधा ओसरलेला असतो. कोजागिरीला मग धावपळ होत नाही.

हिवाळ्यात एक वेगळीच तक्रार येते. तीन बर्नरचं ग्रिल पूर्ण आचेवर ताशी साधारण ७०० ग्रॅम गॅस खातं. द्रवाचा वायू होताना सिलिंडर स्वतःचीच उष्णता गमावतो. डिसेंबरच्या रात्री हवा दहा-बारा अंशांवर आली असताना ५ किलोच्या छोट्या सिलिंडरच्या तळाशी आधी दव, मग बर्फाचा पातळ थर दिसतो आणि सगळ्या बर्नरची ज्योत खाली बसते. प्रोपेन आधी संपतो, उरतो जास्त ब्यूटेन. तो शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे दाब आणखी उतरतो. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचा नाही, त्याला गोधडी गुंडाळायची नाही, हलवायचा तर नाहीच. एक बर्नर बंद करावा, उरलेले मध्यम ठेवावेत. हिवाळ्यात मोठी बैठक असेल तर १४.२ किलोचाच सिलिंडर लावावा. त्यात द्रव जास्त आणि पत्राही जास्त, म्हणून तो लवकर गारठत नाही. आणि गारठलेला छोटा सिलिंडर संपला असं समजून परत करू नये. सकाळी तो ताणकाट्यावर लटकवावा, वर कोरलेलं रिकामं वजन वजा करावं. बऱ्याचदा किलो-दीड किलो गॅस शिल्लक निघतो.